पहिल्या गिअरमध्ये

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझ्या हातांविषयी आता काही भ्रम उरलेला नसेल. घरात खिळा ठोकायचा झाला की शेजाऱ्यांना हाक मारली जाते. खडू आणि पुस्तक यांखेरीज तिसरी वस्तू मला नीट धरता येत नाही, असे सौ.चे मत आहे, आणि ते मी कधी खोडून काढलेले नाही. असा मनुष्य गेले अकरा महिने रोज रात्रीची जेवणे आटोपली की टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून स्क्रू, तारा आणि पत्र्याचे तुकडे मांडून बसतो, ही बातमी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पोचली तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांनी मला सरळच विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळे ठीक नव्हते. पण ते पुढे सांगतो.

मी एक जीप बांधत होतो. सव्वा फुटाहून थोडी अधिक लांब, अडीच किलो वजनाची, आणि हातातल्या रिमोटवर चालणारी. या जातीच्या गाड्यांना क्रॉलर म्हणतात. क्रॉलर म्हणजे रांगणारी. वर्गात मी तिला 'रांगती गाडी' म्हटले असते. घरात सगळे क्रॉलरच म्हणतात. रिमोटची मोटार म्हटली की भर्रकन पळून सोफ्याखाली शिरणारी लाल गाडी आपल्या डोळ्यांपुढे येते. ही तशी नव्हे. ही माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालते. दगडधोंड्यांवरून, मुळ्यांवरून, ओढ्याच्या काठावरून, हाताचा स्पर्श न होता आणि न उलटता तिने पलीकडे जायचे, एवढाच हा खेळ. आणि गाडी दिसायला मात्र खऱ्या गाडीसारखी हवी; आरसे, पायऱ्या, मागचा हूक, सगळे त्याच प्रमाणात.

दुरून, तारेवाचून, एखादी वस्तू चालवण्याची हौस तशी जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका हौदात लहानशी बोट रेडिओलहरींवर चालवून दाखवली होती. पुढे जपानच्या तामिया कंपनीने १९८५ साली तीन गिअर बदलणारा 'ब्रुझर' नावाचा छोटा ट्रक काढला. जुने शौकीन अजून त्याचे नाव हळव्या आवाजात घेतात. आता तर या गाड्यांचे तयार संच मिळतात. पण तयार संचात मला हवी होती ती गाडी नव्हती.

मला हवी होती ती गाडी एका फोटोत होती. १९७९ सालचा वरंधा घाट, पावसाळी धुके, आणि पाटबंधारे खात्याच्या जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून उभे असलेले तीस वर्षांचे आमचे अण्णा.

माझे वडील खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. १९७२ च्या दुष्काळात जागोजाग कामे निघाली तेव्हा ते नोकरीला लागले आणि २००७ मध्ये निवृत्त झाले. पस्तीस वर्षे त्यांनी साहेब लोकांना धरणांच्या जागा दाखवत फिरवले. हे वाक्य आज मी सहज लिहिले. पण शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'सरकारी नोकरी' असे लिहीत असे, आणि कॉलेजात कोणी खोलात शिरले तर 'इरिगेशनमध्ये आहेत' म्हणून विषय बदलत असे. अण्णांनी एकदा तो फॉर्म पाहिला होता. त्यांनी खाली सही केली आणि पेन परत दिले.

गेल्या वर्षी श्रावणात अण्णांनी आमची लहान मोटार मागे घेताना सोसायटीच्या फाटकाचा खांब पाडला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, वय पंचाहत्तर, आणि खांबाच्या पलीकडे, दोन हातांवर, मुले क्रिकेट खेळत होती. कोणाला काही झाले नाही. त्या रात्री मी हॉलमधल्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि माझ्या कपाटाच्या खणात टाकली. काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी एकदा रिकाम्या खिळ्याकडे पाहिले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात 'हो', 'नको' आणि 'औषध घेतलं' एवढ्या तीन शब्दांत त्यांचे माझ्याशी बोलणे होऊ लागले.

मी भाषेचा प्राध्यापक. पण अशा वेळी काय बोलावे हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. सापडला तो फोटो.

फोटोतली जीप म्हणजे विलीज सीजे-३बी. अमेरिकेत ही १९५३ ते १९६८ पर्यंत निघाली. महिंद्र कंपनीने ती आपल्याकडे परवान्याने काढली आणि त्यानंतरही बरीच वर्षे काढत राहिली. हिचे बॉनेट इतर जीपांहून उंच का, तर आतले इंजिनच उंच होते, म्हणून. पुढच्या जाळीला सात उभ्या फटी. काच बॉनेटवर आडवी पाडता येई. आपल्या लहानपणी सरकारी कामावर, निवडणुकीच्या प्रचारात आणि सिनेमातल्या फौजदारापाशी दिसे तीच ही.

कोणालाही वाटेल की प्रमाण आधी ठरवायचे आणि मग भाग आणायचे. मलाही तसेच वाटले. या छंदातल्या बहुतेक गाड्या एकास दहा प्रमाणात असतात, म्हणून मीही कागदावर तेच मांडले. खऱ्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर अंतर. त्याचा दहावा भाग २०३. तयार सांगाडे बहुधा ३१३ च्या आसपास. म्हणजे सांगाडा कापायचा. बरे, कापू. पण टायर? खऱ्या टायरची उंची साधारण २८ इंच, ७१ सेंटिमीटर. दहावा भाग सात सेंटिमीटर. या मापाचा चांगला टायर मिळेना. मिळत होता तो साडेतीन इंचांचा, नऊ सेंटिमीटरच्या आतबाहेर. तो लावला तर जीपने वडिलांचे बूट घातल्यासारखे दिसे. चार रात्री गेल्या. पाचव्या रात्री आमची कन्या (ती यंदा अकरावीत आहे) माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "बाबा, टायर बदलत नसेल तर जीप बदल ना." अठ्ठावीस भागिले साडेतीन, बरोबर आठ. एकास आठ! चाकांतले अंतर मग २५४ मिलिमीटर, म्हणजे नेमके दहा इंच. अशा रीतीने आमची सबंध जीप तिच्या टायरने ठरवली.

सांगाड्यासाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळाल्या. आस मात्र रुंद होते. ते दोन्ही बाजूंनी कापून आतले पोलादी दांडे आखूड करायचे, हे काम घरचे नव्हे. भोसरीच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने तो बोटभर दांडा चिमटीत धरला, माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, "सर, हे कुठल्या मशिनचं?" खेळण्यातल्या गाडीचे म्हणायला जीभ रेटेना. "वडिलांच्या जीपचं," म्हणालो. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

आता थोडे आतल्या कारभाराविषयी. मोटर साधी, ब्रशवाली, पण ५५ वेढ्यांची. वेढे जास्त म्हणजे फिरणे कमी आणि जोर अधिक. तिच्यापुढे गिअरची अशी रांग, की मोटरच्या सुमारे चाळीस फेऱ्या झाल्या की चाकाची एक होते. खऱ्या जीपमध्येही हीच युक्ती असते. मोठ्या गिअरच्या दांड्याशेजारी दोन लहान दांडे, एक पुढची चाके जोडायचा आणि दुसरा वेग अडीचपटीने खाली आणायचा.

आणि डिफरेन्शियल. शाळेच्या मैदानावर लेझीमची रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय मारतो आणि बाहेरच्याला धावावे लागते; मोटारीच्या चाकांचेही वळणावर तसेच होते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी ही योजना. रस्त्यावर ती उत्तम. दगडावर मात्र एक चाक हवेत लटकले की सगळी गती त्या रिकाम्या चाकाकडे पळते. ते गरगर फिरते आणि जमिनीवरचे ढिम्म बसते. म्हणून क्रॉलरमध्ये ही सवलतच काढून टाकतात आणि दोन्ही चाके एकमेकांना जखडून टाकतात. वळताना टायर घासतात, पण चढताना कोणी कामचुकारपणा करू शकत नाही.

अंग मी पत्र्याचे केले. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा कापून, ठोकून, रिव्हेट मारून. महिना गेला. दिसायला झकास झाले, आणि पहिल्याच उतारावर गाडी कडेला कलली ती कललीच. याला कारण साधे आहे. खरी जीप सुमारे एक टनाची. लांबी, रुंदी, उंची तिन्हींना आठाने भागले की वजन पाचशे बाराने भागले जाते, म्हणजे दोन किलो. माझी झाली होती साडेतीन, आणि त्यातले बहुतेक वर. पत्रा टाकून दिला. प्लॅस्टिकच्या दीड मिलिमीटर जाडीच्या शीटमधून सगळे अंग पुन्हा कापले आणि वाचलेले वजन पितळेच्या तुकड्यांच्या रूपाने पुढच्या आसावर, अगदी चाकाजवळ, बसवले. सौ.ने त्या टाकलेल्या पत्र्याच्या जीपमध्ये पुदिना लावला आहे. चांगला आला आहे.

हे सगळे अण्णा पाहत होते का? ते नऊ वाजता आपल्या खोलीत जात. पण पाणी प्यायला उठणे हल्ली वाढले होते.

फेब्रुवारीतली गोष्ट. डॅशबोर्ड झाला होता. इंटरनेटवरून मूळ अमेरिकन आराखडे उतरवून घेतले होते आणि मिलिमीटर मिलिमीटर जुळवून मीटर, स्टिअरिंग, खुर्च्या, खालचे तीन दांडे, सारे बसवले होते. तीन आठवड्यांचे काम. गोंद वाळला होता. अण्णा पाण्याचा पेला हातात घेऊन टेबलाशी थांबले. चष्मा कपाळावर घेतला, खाली वाकले, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"ही आमची जीप नव्हे," ते म्हणाले.

"का? काय चुकलं?"

"स्टिअरिंग कुठल्या बाजूला बसवलंस?"

आराखडे अमेरिकन. स्टिअरिंग डावीकडे. मी ऐंशी वेळा त्या फोटोकडे पाहिले होते, अण्णा उजव्या दाराच्या जागी उभे आहेत हेही पाहिले होते, आणि चाळीस वर्षे या देशात रस्त्यावरून चाललो होतो.

"आणि हा दांडा असा ताठ नसतो. बसून गुडघ्याला लागेल." पेला खाली ठेवून त्यांनी खुर्ची ओढली. "पहिल्या गिअरला ही गाडी कुरकुरते. चालू गाडी पहिल्यात टाकायची तर क्लच दोनदा दाबावा लागतो, मधे जरा रेस द्यावी लागते. ते तुझ्या यंत्रात नसेल."

"नाही. याला गिअर बदलायचेच नाहीत."

"मग पहिल्यातच चालायची?"

"हो. कायम पहिल्यात."

"बरं आहे," अण्णा म्हणाले. सहा महिन्यांत आमचे हे सर्वांत लांब संभाषण.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तेव्हा डॅशबोर्ड उखडून ठेवलेला होता आणि शेजारी, माझ्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीने काढलेले चित्र होते. हात थोडा कापलेला, पण प्रत्येक वस्तूला बाण आणि नाव. त्या चित्रात एका जागी 'पंचांची सुपारी ठेवायची खाच' असेही लिहिले होते. तीही आम्ही केली.

पुढचे तीन महिने मी हाताखालचा पोऱ्या झालो. पाट्यांचेच पाहा. खऱ्या जीपला स्प्रिंगच्या जागी पोलादी पाट्यांची चवड असते. मी हौसेने पाच पानांची केली. दिसायला बरोबर, पण गाडी इतकी हलकी, की पाटे वाकेचनात आणि चाक खड्ड्यात उतरायचे तेव्हा हवेत राही. "रिकामी जीप अशीच उडते," अण्णा म्हणाले. "आम्ही मागे दोन सिमेंटची पोती टाकायचो. तू पानं काढ." दोन पाने ठेवली, उरलेली तीन केवळ शोभेला, आखूड कापून सैल अडकवली. चाके खाली उतरू लागली.

पहिली चाचणी हॉलमध्ये झाली. डोंगर म्हणून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड पायऱ्यांसारखे रचले. तिसऱ्या खंडावर चाक अडकले, मी स्टिअरिंग जोरात वळवले, आणि जीप मेली. क्षणभराने आपोआप जिवंत झाली. पुन्हा वळवले, पुन्हा मेली. मला वाटले, झाले, पैसे बुडाले. कन्येने मीटर लावला. चाक अडकले असताना ते वळवणारी सर्व्हो मोटर एकदम इतकी वीज ओढी, की रेडिओच्या वाट्याला पुरेसा दाब उरत नसे आणि तो बेशुद्ध पडे. सर्व्होला बॅटरीवरून वेगळे, सहा व्होल्टचे लहानसे सर्किट दिल्यावर हा आजार गेला. बॅटरी लिथियम पॉलिमरची, ७.४ व्होल्टची. हिचे लाड फार. प्रत्येक सेल तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, फुगलेली वापरायची नाही आणि चार्ज होत असताना सोडून जायचे नाही, कारण बिघडली तर पेट घेते. सौ.ने तिच्यासाठी मातीची एक कुंडी आणि स्वतःसाठी समोर एक खुर्ची नेमून दिली आहे.

सोसायटीच्या मागे ड्रेनेजची लाइन टाकताना निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग अजून उचललेला नाही. (याबद्दल मी दोन अर्ज केले होते, आता तिसरा करणार नाही.) गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, आम्ही तिघे तिथे गेलो. रिमोट पिस्तुलासारखा असतो. बाजूच्या चक्राने वळवायचे आणि घोडा दाबून पुढे न्यायचे. मालक या नात्याने मी तो घेतला. एक मोठा दगड पाहून, तो दोन चाकांच्या मध्ये घेऊन पार जावे म्हणून घोडा दाबला. खाली डिफरेन्शियल आपटले, चारी चाके हवेत फिरली. मागे घेतली, जोर देऊन पुन्हा नेली. उलटली. तिसऱ्यांदाही उलटली. जाळीची एक फट मोडली.

"इकडे दे," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या हाताकडे पाहिले. तो हल्ली चहाचा कप धरतानाही कापतो. रिमोटवरही कापत होता. पण घोड्यावरचे बोट कापत नव्हते.

त्यांनी गाडी आधी मागे घेतली आणि दोन मिनिटे काहीच केले नाही. नुसते दगड पाहिले. मग म्हणाले, "दगड मधे घ्यायचा नसतो. चाक दगडावर घालायचं. पोट आपोआप उचलतं." उजवे चाक दगडाच्या तोंडाशी टेकले आणि थांबले. बोट किंचित हलले. टायर दबला, दगडाच्या अंगाला चिकटला, आणि जीप एखाद्या म्हातारीने पायरी चढावी तशी चढली. मधेच त्यांनी बोट सोडले. गाडी तिथेच, तिरपी, उभी राहिली.

"ब्रेक न मारता कशी थांबते?"

मी सांगितले. घोडा सोडला की आतला नियंत्रक मोटरची दोन टोके जोडून टाकतो. मग फिरणारी मोटर उलट स्वतःच वीज तयार करू लागते आणि त्या भाराने अडते.

"म्हणजे इंजिनवर धरते," अण्णा म्हणाले. "वरंध्याला आम्ही असंच उतरायचो. चढायला जो गिअर, उतरायला तोच. ब्रेकवर पाय ठेवणारा खाली पोचायच्या आत ब्रेक जाळून बसतो." पलीकडच्या बाजूने जीप उतरू लागली. उतार माझ्या मते अशक्य होता. मागचे एक चाक उचलले गेले, कन्येने श्वास रोखला, मी हात पुढे केला. "हात लावू नकोस," ते म्हणाले, आणि ते वाक्य मी दुसरीत असताना सायकल शिकवतानाच्याच आवाजात होते. चाक परत टेकले.

तासाभरात त्यांनी तो ढीग तीन वाटांनी पार केला. सोसायटीतली मुले जमली होती. फाटकाच्या प्रसंगी क्रिकेट खेळणाऱ्यांपैकीच दोघे-तिघे. त्यातल्या एकाने विचारले, "आजोबा, तुम्ही कुठे शिकलात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीच म्हणालो, "आजोबा ड्रायव्हर होते. पाटबंधारे खात्यात. पस्तीस वर्षं."

अण्णा वाकून टायरमध्ये अडकलेला खडा काढत होते. तो काढून झाल्यावर म्हणाले, "चौतीस वर्षं आणि सात महिने."

परत येताना जिन्यात ते दोन पायऱ्या थांबले. मला वाटले, दम लागला.

"किल्ली तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "पण गाडी आठवड्यातून एकदा चालू करत जा. उभी राहून बॅटरी उतरते." आणि मग, एक पायरी चढून, "त्या जीपला मागं टोचनाचा हूक राहिलाय. हूक असल्याशिवाय आम्ही घाटात गाडी न्यायचो नाही."

हूक अजून झालेला नाही. तीन मिलिमीटरची सळई आणली आहे. ती वाकवायला अण्णांनी पकड मागितली आहे, आणि ती शेजाऱ्यांकडे आहे.